पाय लागला तर नमस्कार

माझं नाव तन्वी, म्हणजे सडपातळ बांध्याची. जन्मले तेव्हा सव्वाचार किलोची होते, आणि मला आजीच्या हातात देताना नर्स "नीट धरा हं" म्हणाली होती म्हणे, तरी बारशाला हेच नाव ठेवलं. पुढे जपानात अकरा वर्षं कुस्त्या खेळले. तिथे 'व' कुणाला म्हणता येत नाही, त्यामुळे अख्खा हॉल "तान्बी, तान्बी" म्हणून ओरडायचा आणि माझ्या अंगावर रंगीत कागदी फितींची भेंडोळी फेकायचा. मला त्याच वर्षांबद्दल विचारतात लोक. पट्टे किती जिंकलीस, हाडं किती मोडलीस, बायकांची कुस्ती बघायला खरंच इतके लोक येतात का. सांगून सांगून दमले मी. इथे मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं, ट्रॉयमधलं, जेव्हा जपान आणि माझ्यामध्ये फक्त आईची एक सही उभी होती आणि आई ती करायला तयार नव्हती.

मी तेरा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो. बाबा गाड्यांच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. ते इतके बारीक की थंडीत जाड जॅकेट चढवलं की आत माणूस आहे की नाही अशी शंका यायची. आई नागपुरात फिजिओथेरपिस्ट होती, धंतोलीत तिचं छोटं क्लिनिक होतं. इथे तिच्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून तिचे पेशंट आम्ही दोघंच. मी सोफ्यावर वाकडी बसले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पाठ!" बाबा कॉम्प्युटरपुढे मान खाली घालून बसले की ती मागून जाऊन त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर करायची. घरात शांतता अशी कधी नव्हतीच. आईने फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलायचा, मग बाबा टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारायचे, उंची पुरायची नाही, आणि मग "तन्वी, ये गं बाई!" रविवारी सकाळी फोनकार्डावरून नागपूरला फोन. कार्डातली बाई इंग्रजीत किती मिनिटं उरली ते सांगायची, आणि बाबा तिच्याशीच भांडायचे, "अहो माहिती आहे ना, बोलू द्या जरा!" त्या दिवशी जेवायला बहुधा वडाभात असायचा, वर लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल. नाहीतर सांबारवडी. नागपूरबाहेरच्या पाहुण्यांना प्रत्येक वेळी सांगावं लागायचं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तुमचं इडलीबरोबरचं नाही. मी पाच-सहा वड्या खाऊन सातवीला हात घातला की आई बघायची आणि काही बोलायची नाही. मला ते न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

सोळाव्या वर्षी मी गावातल्या कुठल्याही मराठी काकापेक्षा उंच आणि रुंद होते. त्या काळात सगळी मंडळी अपार्टमेंट सोडून घरं घेत होती आणि दर शनिवारी कुणाचं ना कुणाचं सामान हलायचं. मला आमंत्रण ठरलेलं. "तन्वी येतेय ना? मग ट्रकवाले दोनच पुरेत." सोफा उचलून दिला की पावभाजीची प्लेट हातात, आणि काकू कौतुकाने दंडावर चापट मारून म्हणायच्या, "काय गं ही ताकद! मुलगा असतीस तर." डोकं सटकायचं माझं. मुलगा असते तर काय, सोफा हलका झाला असता? पण तोंड भरलेलं असायचं, त्यामुळे वाद टळायचा.

आमच्या घरात एक नियम होता, तुमच्याही असेल. कुणाला पाय लागला की तिथल्या तिथे वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला लावायचा. माणसाला, वहीला, दप्तराला, सगळ्यांना. आई याबाबतीत फार कडक. अंग मोठं असल्यामुळे माझा पाय जगाला जरा जास्तच लागायचा, आणि वर्षानुवर्षं "पाय लागला ना? नमस्कार कर" ऐकून हात आपोआप जायला लागला होता. शाळेत एकदा पुढच्या मुलीच्या बॅगेला पाय लागला, मी वाकून बॅगेला हात लावला, तर तिला वाटलं मी चोरी करतेय. प्रिन्सिपॉलच्या ऑफिसात बसून मला आमची संस्कृती समजावून सांगावी लागली. पटली की नाही देव जाणे, पण त्यांनी सोडलं.

डोना भेटली ती वॉशिंग मशीनमुळे. आम्ही टाऊनहाऊस घेतलं तेव्हा बाबांनी जाहिरात बघून एका बाईकडून जुनं मशीन घ्यायचं ठरवलं. साठीची बाई, पांढरे केस बारीक कापलेले, खांदे दाराएवढे. बाबांनी मशीनची एक बाजू धरली, "एक, दोन" म्हणाले, आणि तीनच्या आत त्यांची कंबर धरली. ते जमिनीवर बसले. मग मी मशीनला दोन्ही हातांनी कवटाळलं, उचललं, दारापुढच्या ओट्यावरून खाली आणलं आणि व्हॅनमध्ये ठेवलं. डोनाने व्हॅनभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं मशीनला ओरखडा गेला की काय. मग ती म्हणाली, "हनी, ते परत बाहेर काढशील? मला पुन्हा एकदा बघायचंय." मी काढलं आणि परत ठेवलं. तिने बाबांकडे वळून विचारलं, "ही कुस्ती शिकेल का?" बाबा जमिनीवरूनच म्हणाले, "शिकेल ना. कधीपासून?" बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात झटपट घेतलेला निर्णय असेल तो.

टायरच्या दुकानामागे एक जुनं गॅरेज होतं, तिथे डोनाची शाळा. मधोमध रिंग, भोवती गंजलेले हीटर, आणि वास घामाचा की रबराचा ते सांगता यायचं नाही. डोना तरुणपणी जपानात कुस्त्या खेळून आली होती, आणि तिथल्या बायका कशा खेळतात हे सांगताना तिचा आवाज मऊ व्हायचा. तिच्याकडच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर मी पहिल्यांदा त्या बायका बघितल्या. माझ्यासारख्याच जाडजूड, मांड्या खांबासारख्या, आणि बघायला आलेल्या शाळकरी मुली त्यांच्यासाठी किंचाळतायत, रडतायत. इतक्या मोठ्या बाईकडे इतक्या प्रेमाने बघणारी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मी त्या दिवशी घरी आले आणि आरशापुढे उभी राहिले, बराच वेळ. मला मी आवडले. सरळ सांगते, त्याच्याआधी कधी आवडले नव्हते.

आता कुणीतरी म्हणेलच, अहो पण ते खोटं असतं ना? हे ऐकलं की आजही माझा पारा चढतो. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, हो. पण साठ किलोची बाई डोक्यावरून खाली टाकायची, हॉल हादरला पाहिजे आणि तिला खरचटताही कामा नये, हे एकदा करून दाखवा आणि मग मला खोटं म्हणा. डोनाने पहिले चार महिने मला फक्त धरायला शिकवलं. माझ्याबरोबर केली नावाची मुलगी असायची, सकाळी पॅनकेकच्या हॉटेलात वेट्रेस, दुपारी आमच्याकडे. लहानखुरी, चपळ, आणि पडण्यात उस्ताद. मी तिला उचलायचे, ती पडायची, मी उचलायचे. माझ्या डब्यातल्या सांबारवड्या तीच संपवायची. सगळं झकास चाललं होतं, एक सोडून. डोनाला मला खलनायिका करायचं होतं आणि खलनायिकेला लाथा माराव्या लागतात. एक पाय मॅटवर जोरात आपटायचा, आवाज त्याचा, आणि दुसरा नुसता टेकवायचा. मी टेकवायचे, आणि लगेच वाकून केलीला नमस्कार करायचे. "हे काय करतेस?" डोना ओरडायची. "सॉरी," मी म्हणायचे, आणि पुढच्या लाथेला पुन्हा तेच. शेवटी हात मोकळे राहू नयेत म्हणून तिने माझ्या दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू दिले. तीन महिन्यांनी सवय गेली, निदान आम्हाला तसं वाटलं.

मग जपानहून निरोप आला. डोनाबरोबर पूर्वी खेळलेल्या हायाशी-सान, म्हणजे हायाशीबाई, आता तिकडे मुलींना तयार करत होत्या. त्या येणार, डोनाच्या मुलींची एक एक कुस्ती बघणार आणि एकीला दोन वर्षांसाठी घेऊन जाणार. मला अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती, म्हणून आईबाबा दोघांच्या सह्या लागणार होत्या. बाबांनी डोनाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिथेच सही ठोकली. मी कागद घेऊन घरी आले. आई सांबार निवडत होती. तिने कागद पूर्ण वाचला, पुन्हा पहिल्या पानावर आली, आणि म्हणाली, "नाही."

आता आई डबा भरून द्यायची, गुडघ्याला पट्टी बांधून द्यायची, पण दीड वर्षात एकदाही गॅरेजमध्ये आली नव्हती. मी तणतणले. तुला मी बारीकच हवी होते, तुला माझी लाज वाटते, असलं काय काय बोलले. तिने शांतपणे काड्या बाजूला केल्या.

"झालं बोलून? बस इथे. माझ्याकडे एक मुलगा यायचा, झाडावरून पडलेला. मानेवर पडला होता. त्याला चमचा धरायला शिकवायला मला आठ महिने लागले. तू पडशील याची भीती आहेच गं मला. पण तू जिला वर उचलतेस ना, तिची मान तुझ्या हातात असते. सतरा वर्षांची तू, तुला काय कळतं त्यातलं?"

"डोनाने शिकवलंय."

"शिकवलं असेल. मी बघितलेलं नाही."

"मग ये ना बघायला! दीड वर्ष झालं, मी काय सर्कशीत काम करून राहिली का?"

तिने उरलेली जुडी निवडून संपवली, तोवर बाबा दारातून डोकावून परत गेले. मग म्हणाली, "येईन. बघेन. आणि बघूनही नाही म्हणेन कदाचित. तेव्हा रडायचं नाही."

कुस्ती एका बोलिंग ॲलीच्या मागच्या हॉलमध्ये होती, शनिवारी दुपारी. शंभर-सव्वाशे लोक असतील, घडीच्या खुर्च्या, पॉपकॉर्न. पहिल्या रांगेत एका टोकाला हायाशी-सान. बुटक्या, रुंद, केस घट्ट बांधलेले, आणि दोन बोटं कायमची वाकडी. डोळ्याची पापणी हलवत नव्हत्या. दुसऱ्या टोकाला आईबाबा. आई पर्स मांडीवर धरून ताठ, बाबा आधीपासूनच उभे. माझ्या आधीच्या दोघी मुली छान खेळल्या होत्या, फारच छान. माझी कुस्ती केलीशी होती; ती कानात म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेव." मी म्हटलं, "तू वड्या खाऊन आलीस ना?" "तीनच," ती म्हणाली.

घंटा झाली. पहिली पाच मिनिटं मी ठरल्याप्रमाणे गुरगुरले, केलीला दोरांवर फेकलं, लोकांनी हुर्यो केली, बाबा "अबे उचल ना!" म्हणून ओरडले. मग केली मॅटवर पालथी पडली, आणि मी तिच्या पाठीत ती मोठी लाथ घातली. पाय टेकला आणि त्याच क्षणी माझी नजर समोर गेली. आई सरळ माझ्याकडे बघत होती. झालं! टेनिसचे चेंडू, तीन महिने, सगळं गेलं. मी वाकले, केलीच्या पाठीला हात लावला आणि कपाळाला लावला.

डोनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपलं, मला वाटलं, जपान गेलं, आता आयुष्यभर सोफे. मग मागच्या रांगेत एक माणूस फिस्सकन हसला. पालथ्या पडलेल्या केलीने ओठ न हलवता विचारलं, "हे तू मुद्दाम केलंस?" "नाही," मी म्हटलं. "मग आता मुद्दाम कर." मी पुन्हा लाथ मारली, पुन्हा नमस्कार, वर मोठ्याने "सॉरी!" आता पंधरा-वीस जण हसले. तिसऱ्या वेळी मी लाथ मारून नुसती थांबले, हात कमरेवर, आणि लोकच ओरडायला लागले, "सॉरी म्हण! सॉरी म्हण!" मी वाकले, तर त्या लबाड केलीने तोच हात पकडून मला उलटीपालटी करून खाली दाबलं. असं काही ठरलेलं नव्हतं! रेफरीने "एक, दोन" मोजले, तीन म्हणायच्या आत मी कशीबशी सुटले, नाहीतर हरले असते, हॉल छत फोडायला निघाला होता, आणि मी तिला खांद्यावर घेऊन, तिथून दोन्ही हातांवर डोक्याच्या वर नेऊन, टाकलं. तिची मान कुठे आहे आणि माझा तळवा कुठे आहे, याशिवाय त्या क्षणी मला जगात काही माहीत नव्हतं. आवाज असा झाला की बाबा खुर्चीवर चढले.

लोक गेल्यावर हायाशी-सान रिंगजवळ आल्या आणि डोनाशी जपानीत बोलल्या. डोनाने विचारलं, "त्या म्हणतात, ते हाताचं काय होतं?" मी खाली मान घालून सांगितलं की आमच्या घरी पाय लागला की माफी मागतात, चुकून झालं, पुन्हा होणार नाही. डोनाने सांगितलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग एकाएकी त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. त्या हसत होत्या! डोळे पुसत त्यांनी काही सांगितलं आणि डोना अडखळत म्हणाली, "त्या म्हणतात, लाथा मारणाऱ्या मुली माझ्याकडे पुष्कळ आहेत. माफी मागणारी राक्षसीण एकही नाही. हिला पाठवा." मी डोनाला अशी मिठी मारली की ती "बरगडी, बरगडी" म्हणून ओरडली. पुढे जपानच्या प्रत्येक गावात मी लाथ मारून थांबले की हजार लोक एकदम आपला हात कपाळाला लावायचे. पण ते पुढे. तेव्हा मला एकदम आठवलं की कागदावर अजून एक जागा रिकामी आहे, आणि मी आईला शोधायला वळले.

आई केलीजवळ होती. तिला खुर्चीवर बसवून मानेचे मणके एकेक करून दाबत होती, डावीकडे वळव, उजवीकडे वळव, इथे दुखतं का, इथे? "नो, ऑन्टी. कुठेच नाही," केली म्हणत होती. आईने दोनदा तपासलं. मग उठली, पर्स बाबांकडे दिली, बूट काढले, ओढणी कमरेला बांधली आणि रिंगच्या पायऱ्या चढायला लागली. दोरांमधून तिला जाता येईना तेव्हा डोनाने दोर वर धरले.

"उचल मला," आई म्हणाली.

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. त्या पोरीला पडायची सवय आहे, ती स्वतःला सांभाळून घेते. मला पडता येत नाही. मला नीट धरलंस तर तुला येतं असं मी म्हणेन. चल."

"सुनीता, अगं पण—" बाबा म्हणाले.

"तुम्ही थांबा हो."

मी दोन्ही तळवे कोरडे पुसले. मी म्हटलं, "हात छातीवर घे. श्वास रोखू नकोस. माझ्याकडे बघू नकोस, छताकडे बघ. मानेखाली माझा हात आहे, त्यावर डोकं टाक." मी तिला आडवी उचलली, छातीशी घेतली, मग खांद्यापर्यंत, आणि मग सावकाश, आयुष्यात इतक्या सावकाश मी काही केलं नाही, दोन्ही हातांवर डोक्याच्या वर नेली. तिची मान माझ्या तळव्यात लाकडासारखी ताठ होती. तिने डोळे घट्ट मिटले असणार हे मला खालूनही कळत होतं. मी म्हटलं, "आई, धरलंय मी." मग तिने श्वास सोडला, मान हळूहळू सैल झाली, आणि तिच्या डोक्याचं सगळं वजन माझ्या हातात आलं.

मी रडत होते. तिने रडायचं नाही म्हटलं होतं, पण ते तिने सहीला नाही म्हटलं तर. वर ती हसायला लागली होती, आधी नाकातून, मग अशी खळखळून की तिचं पोट माझ्या हातांवर हलत होतं आणि मला तोल सांभाळावा लागत होता. आणि हसता हसता ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अहो! बघत काय बसलात? पेन काढा, पेन!"

बाबा सगळे खिसे चाचपत धावत सुटले. त्यांना पेन सापडेपर्यंत मी तिला तशीच वर धरून उभी राहिले. खाली ठेवावंसंच वाटेना.